पांढऱ्या रोलरला कंबर पडली, काळा मात्र टिकला

नाशिकच्या इंदिरानगरला घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. बावीस वर्षं ब्लाऊज आणि ड्रेस शिवतेय. खेळाच्या सामानावर लिहायला ही कोण, असं कुणी म्हणायच्या आत सांगून टाकते: व्यायामातलं मला फारसं कळत नाही, पण शिवण, इलॅस्टिक, फोम आणि इंची टेप कळते. आणि गेल्या चार महिन्यांत अंग दुखतंय म्हणून मी चार वस्तू विकत घेतल्या. दोन फोम रोलर (दुखऱ्या मांड्या-पोटऱ्या ज्यावर ठेवून फिरवायच्या ते फोमचे जाड लोडासारखे गोल), गुडघ्यावर चढवायची एक नी-कॅप, शेकायची एक जेलची पिशवी. त्यातली एकच खरी कामाची निघाली, आणि तिनेही मध्यंतरी मला चांगलंच रडवलं. कंपन्यांची नावं लिहीत नाही. दुकानात एकाच साच्यातून काढल्यासारखे तीन रोलर तीन वेगळ्या नावांनी ठेवलेले होते, त्यामुळे नावापेक्षा माल कसा ओळखायचा ते सांगते.

दिवाळीनंतर रक्त तपासलं तर साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, चालायला लागा. मी आणि दोन मैत्रिणी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जायला लागलो. पहिले दोन आठवडे मजेत गेले. नाशिकची थंडी, कानाला स्कार्फ, येताना चहा. तिसऱ्या रविवारी एकीच्या डोक्यात आलं की पांडवलेणी चढू. आमच्या घरापासून लांब नाही, पाथर्डी फाट्याच्या पुढे गेलं की आलंच. पायऱ्या दोनशेच्या घरात. एकदा चढलो, दम लागला, पण बरं वाटलं. मग आमच्यातली जी सगळ्यात बारीक आहे ती म्हणाली, अजून दोनदा. तीनदा चढलो आणि तीनदा उतरलो. त्या वेळी वाटलं, चढणंच अवघड, उतरायला काय लागतं! उड्या मारत उतरले मी.

सोमवारी नुसतं जड वाटत होतं. मंगळवारी सकाळी पलंगावरून पाय खाली टाकले आणि आई गं! मांड्या दगड झालेल्या, पोटऱ्या भरून आलेल्या. आमच्याकडे संडास भारतीय पद्धतीचा आहे, यापुढे काही सांगत नाही. माझ्या मशीनला मोटर आहे, पण वेग उजव्या पायाच्या पेडलवरच. पेडल हलकेच दाबायचं म्हटलं तरी पोटरीत गोळा यायचा आणि पाय दचकून पूर्ण दाबला जायचा. एका बाईच्या बाहीवरून शिवण अशी गेली जशी पावसात गोगलगाय जाते. उसवून परत घालावी लागली. लग्नसराईचे दिवस, दारात पिशव्यांची रांग, आणि मी खुर्चीतून उठताना मशीनचा आधार घेतेय.

मैत्रीण म्हणाली, लॅक्टिक ॲसिड साचलंय. सगळे हेच म्हणतात. नंतर मला एका जाणत्या मुलीने समजावलं (ती पुढे येईलच) की ते ॲसिड तास-दोन तासांत निघून जातं, तिसऱ्या दिवसाच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. उतरताना मांडीचा स्नायू एकीकडे ताणला जात असतो आणि त्याच वेळी अंगाचं वजनही धरून ठेवत असतो. त्यात त्याच्या धाग्यांना बारीक बारीक इजा होते. ठणका लगेच येत नाही, एका दिवसाने सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतो आणि पाच-सात दिवसांत आपोआप ओसरतो. हे मला लगेच पटलं. तंग ब्लाऊज घालून हात वर केला की शिवण कुठे सुटते ते मी रोज बघते. कापड नुसतं ताणलं तर सहसा टिकतं. ताणलेलं असताना वर जोर आला की गेलंच.

तर त्या मंगळवारी मुलाने मोबाईलवर दाखवलं, आई, हे फोम रोलर घे, यावर पाय फिरवायचे. सासूबाईंचं मत, लाटणं आहे की घरात. मी खरोखर लाटण्याने सुरुवात केली. खुर्चीत बसून मांडीवरून गुडघ्याकडे, गुडघ्याकडून वर. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. फक्त सासूबाईंनी मला हे करताना प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा त्या जे बोलल्या ते असं: "मी म्हटलं ते दुसरं लाटणं, पोळ्यांचं नव्हे!" आता माझ्या दुखऱ्या पायांचं लाटणं वेगळं आहे, त्याच्या मुठीला लाल दोरा बांधलाय.

पहिला रोलर मी स्वस्तातला घेतला. पांढरा, आतून-बाहेरून नुसता फोम, टीव्हीच्या खोक्यात येतो त्या जातीचा, दीड फूट लांब. 450 रुपये. घरी आणल्यावर सवयीने टेप लावली: घेर मधोमध 47 सेंटिमीटर, टोकांनाही 47. वजनाला काहीच नाही, मऊ, अंगाला टोचत नाही. नवख्या माणसाला भीती वाटत नाही हा त्याचा गुण. पाच आठवड्यांनी पुन्हा टेप लावली. टोकांना 47, मधे साडेपंचेचाळीस. म्हणजे रोलरला कंबर पडली, माझी काही कमी झाली नाही. वर एका बाजूला चपटा झाल्यामुळे फिरायच्या ऐवजी ठेचकाळत जायचा. माझं वजन 68 किलो आहे. पन्नास किलोच्या मुलीला कदाचित वर्षभर पुरेल.

दुसरा काळा. हा घेताना मी दुकानात अंगठा रोवून पाहिला, आणि हीच तपासणी तुम्हीही करा. पांढऱ्यात अंगठा रुततो आणि खड्डा थोडा वेळ तसाच राहतो. काळ्यात थोडा रुततो आणि सोडला की लगेच वर येतो. काळ्याच्या आत प्लॅस्टिकचा पोकळ पाइप असतो आणि त्यावर बोटभर जाडीचा फोम, म्हणून तो वाकत नाही. लांबी 33 सेंटिमीटर, घेर 44. किंमत 1,150, घासाघीस करून 1,050. तीन महिने झाले, घेर अजून 44 च आहे, मधेही आणि टोकांनाही.

तक्रारी आहेत. पहिला आठवडा टायरच्या दुकानात बसल्यासारखा वास येत होता, गच्चीवर उन्हात ठेवला तेव्हा गेला. वरच्या फोमवर चौकोनी खाचा आहेत, त्यात माझ्या घरातले सगळे दोरे आणि इंटरलॉकची कातरण जाऊन बसते. जुन्या टूथब्रशने काढावी लागते. लांबी फक्त 33, म्हणजे दोन्ही पोटऱ्या एकदम ठेवायच्या तर पाय जुळवून बसावं लागतं, आणि पाठीखाली घ्यायचा तर खांदे बाहेर जातात. पाठीसाठी घेणार असाल तर लांब बघा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी कुठल्याही खोक्यावर लिहीत नाहीत: हा प्रकार करायला आधी जमिनीवर बसता आणि उठता आलं पाहिजे. पोटरी रोलरवर ठेवली की मागे हात टेकून कुल्ले उचलायचे असतात. दिवसभर कात्री धरणाऱ्या माझ्या मनगटांना ते झेपेना. शेवटी कुल्ल्यांखाली जाड उशी घेतली, म्हणजे अर्धं वजन उशीवर. जोर कमी पडतो, पण मनगट वाचतं.

फिरवायचा कसा यात मी पहिला महिना चुकले. मी पोळी लाटल्यासारखा भराभर फिरवत होते. त्याने काही होत नाही. एका सेकंदाला फार तर इंचभर, इतकं सावकाश. जिथे दुखरी गाठ लागेल तिथे थांबून चार श्वास घ्यायचे. एका पोटरीला मिनिटभर, मांडीला दीड-दोन मिनिटं, बस. दुखण्याला दहापैकी आकडा द्यायचा म्हटलं तर पाच-सहाच्या वर जाऊ द्यायचं नाही. दात-ओठ खाऊन सहन केलं म्हणजे जास्त फायदा, असा माझा समज होता. बायकांना बहुतेक सगळ्याच बाबतीत तो असतो.

फायदा किती? प्रामाणिकपणे सांगायचं तर तात्पुरता. फिरवल्यावर तास-दोन तास पाय मोकळे वाटतात, उकिडवं बसता येतं, पेडल नीट दाबलं जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं आखडतं, पुन्हा फिरवायचं. पाच दिवसांचं दुखणं दोन दिवसांत जाईल असा चमत्कार होत नाही, संशोधनातही फायदा थोडकाच दिसलाय असं त्या जाणत्या मुलीने सांगितलं. मला तेवढाही पुरला. लग्नसराईत शिलाईचे दोन तास मोकळ्या पायाने मिळाले तर 1,050 रुपये कधीच वसूल झाले.

आता रडवल्याची गोष्ट.

मैत्रिणींनी ठरवलं, फेब्रुवारीत पाच किलोमीटरच्या दौडीत नाव घालायचं. मी तोवर दोन किलोमीटर चालत-पळत करत होते. दहा दिवसांत दोनाचे पाच केले. पायात तेच जुने कापडी बूट, ज्यांचा तळ टाचेकडे एका बाजूने पार झिजलेला. मी नवे बूट घ्यायचं बोलले तर एकजण म्हणाली, सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणी पळायची. आमच्या ट्रॅकवर तिचं नाव रोज कुणी ना कुणी घेतंच, आणि घ्यावंच. 2010 च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य आणलं पोरीने. पण ती वाढली डोंगरात, पाणी आणायला मैल मैल चालत. मी बावीस वर्षं खुर्चीत. तिचे पाय आणि माझे पाय एका मापात कसे बसणार?

आठव्या-नवव्या दिवशी उजव्या नडगीच्या आतल्या बाजूने दुखायला लागलं. पळायला सुरुवात केली की चमक, गरम झालं की कमी, घरी आल्यावर पुन्हा ठणका. मला काय, दुखतंय ना, मग रोलर. गुडघे टेकून नडगी रोलरवर ठेवली आणि सगळं वजन टाकलं. त्या चौकोनी खाचा हाडावरून खडखडत गेल्या. डोळ्यांत पाणी आलं, पण मी म्हटलं, याचाच अर्थ गाठ मोकळी होतेय. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी पायऱ्या उतरतानाही दुखायला लागलं.

माझ्या गिऱ्हाइकांत एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आहे, तिशीच्या आतली. बहिणीच्या लग्नाच्या ब्लाऊजची ट्रायल घ्यायला आली आणि मी नेमकी आतल्या खोलीत रोलरवर. पडद्यातून डोकावली.

"काकू, हे काय करताय?"

"अगं नडगी दुखतेय, रोल करतेय."

"हाडावर?" तिने रोलर माझ्या हातातून काढूनच घेतला. "काकू, रोलर मांसल भागासाठी असतो. नडगीचं हाड, गुडघ्याची वाटी, कंबरेचा मणका, यांवर फिरवायचा नाही."

मग मला पलंगावर बसवून तिने अंगठ्याने नडगीच्या आतल्या कडेवर घोट्यापासून वर दाबत नेलं. दुखतंय तिथे हो म्हणा म्हणाली. मी हो, हो, हो करत गेले, जवळजवळ वीतभर. मग तिने दोन बोटांनी एकेक जागा वेगळी दाबली. मग त्या पायावर हळूच उभं राहायला लावलं, टाचा उचलायला लावल्या. शेवटी म्हणाली, "वीतभर दुखतंय, ते त्यातल्या त्यात बरं. बोटभर जागेतच दुखलं असतं, रात्री झोपेत ठणकलं असतं, तर हाडाला बारीक चीर आहे का ते बघायला लागलं असतं. तरी परवा क्लिनिकवर या, तिथे नीट तपासते."

वीतभर आणि बोटभर. एवढी साधी मापं आणि मला कुणी सांगितली नव्हती. रोलरच्या खोक्यातल्या रंगीत कागदावर आठ व्यायामांची चित्रं आहेत, एका चित्रात तर तो माणूस नडगीच टेकवून बसलेला दिसतो. कुठे चालतं, कुठे चालत नाही, एक शब्द नाही. या कागदासाठी रोलरचा एक गुण मी कापते.

क्लिनिकला दोनदा गेले. तिने सांगितलं ते ऐकून मला आधी राग आला होता, कारण पैसे देऊन ती मला काही करू नका म्हणत होती. दोन आठवडे पळणं बंद. न दुखता चालता येईल तेवढंच चालायचं. पायरीच्या कडेला उभं राहून टाचा सावकाश वर आणि त्याहून सावकाश खाली, पंधरा-पंधराचे तीन फेरे. माझ्या जिन्याच्या खालच्या पायरीवर, कुकरच्या शिट्ट्या मोजत मी ते केले. रोलर पोटरीला चालेल, हाडाला लावायचा नाही. तिसऱ्या आठवड्यापासून एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, तेही एक दिवसाआड. आणि बूट नवे. फेब्रुवारीची दौड गेली. मैत्रिणी पदकं गळ्यात घालून फोटो काढत होत्या तेव्हा मी कडेला त्यांचे स्वेटर धरून उभी होते.

जाताना तिने आणखी काही सांगितलं होतं, ते इथे लिहिते कारण रोलर घेणाऱ्या प्रत्येकीला हे माहीत असावं. एकाच पोटरीला सूज आली, ती गरम लागते, लाल दिसते, तर रोलर, मालिश काही नाही, त्याच दिवशी डॉक्टर. रक्ताची गाठ असू शकते. खूप व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तरी तसंच, लगेच दवाखाना. पाय टेकवतच नसेल किंवा मुंग्या येऊन बधिर झाला असेल तरी वाट बघायची नाही. आणि दुखू नये म्हणून आधीच गोळी खाऊन पळायला जायचं नाही. हे शेवटचं माझ्याकडे बघून म्हणाली, कारण मी तसं दोनदा केलं होतं.

उरलेल्या दोन वस्तूंचं थोडक्यात. नी-कॅप 380 रुपयांची. गुडघा जरा कुरकुरला म्हणून घाबरून घेतली होती. खोक्यावरच्या तक्त्याप्रमाणे माझं माप एम, पण बसली एसएवढी. इलॅस्टिकचा ताण चांगला आहे, ते मी मान्य करते. पण शिवण! गुडघ्याच्या मागच्या लवणीत, जिथे कातडी सगळ्यात नाजूक आणि पाय दर पावलाला दुमडतो, नेमकी तिथे चार दोऱ्यांची जाड इंटरलॉक, वर अर्ध्या इंचाची माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड, आत सोडलेली. अर्ध्या तासात लाल वळ. मी ती बसून उसवली, माया कापली, दोन्ही कडा एकमेकींना नुसत्या भिडवून झिगझॅग मारला. आता टोचत नाही. पण हे परीक्षण वाचणाऱ्या सगळ्यांकडे शिलाई मशीन नसणार, तेव्हा घेताना आतून उलटी करून बोट फिरवा. शिवण बाजूला आणि सपाट असेल तरच घ्या. बाकी नी-कॅपने ऊब मिळते, धीर येतो, यापलीकडे माझ्या गुडघ्याला काही झालं असं वाटत नाही.

जेलची पिशवी 220 ला. गरम आणि थंड दोन्हीला चालते असं लिहिलंय. फ्रीझरमध्ये ठेवली तर वीट झाली, पायावर बसेचना. त्यापेक्षा सोललेल्या मटारची पिशवी पायाच्या आकाराप्रमाणे बसते, आणि हिवाळ्यात नाशिकमध्ये कुणाच्या फ्रीझरमध्ये मटार नसतो? मधे पंचा घ्यायचा, थेट कातडीवर ठेवायचं नाही, पंधरा मिनिटं पुरे. पिशवीवर खूण करून ठेवा. आमच्याकडे ती एकदा चुकून पुलावात गेली.

सासूबाईंचा आंबेहळदीचा लेप मी रात्री लावते. बरं झालं त्यानेच की आणखी कशाने, माहीत नाही, पण ऊब येते आणि झोप लागते. दिवसा मात्र बंदी. एकदा लेपाचं बोट एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या अस्तराला लागलं, अस्तराचे दोन मीटर माझ्या खिशातून गेले.

तर घ्यायचा का? मांड्या-पोटऱ्या भरून येत असतील, जमिनीवर बसता-उठता येत असेल तर आतला पाइप कडक असलेला काळा घ्या, हजाराच्या आसपास. पाचपैकी चार देते, एक त्या कागदापायी कापला. जमिनीवर बसणं होत नसेल तर पैसे घालवू नका, लाटणं घ्या, मात्र वेगळं. पांढरा पन्नास किलोच्या आतल्यांनी घ्यावा, त्याला दोन.

मी आता एक दिवसाआड दोन मिनिटं पळते, एक मिनिट चालते. मागच्या गुरुवारी सव्वातीन किलोमीटर झाले, नडगी गप्प होती. पांढऱ्या रोलरवर जरीच्या लेसा गुंडाळून ठेवल्यात, घडीची रेघ पडत नाही. त्या कामाला तो अजिबात दबलेला नाही.